मुद्रा आणि मुदत

एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जावयाचे झाल्यास माणसापाशी राजाची खूण असली पाहिजे, ही कल्पना इंग्रजांनी आपल्याकडे आणली अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, मुद्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे प्रकरणच आहे. हा अधिकारी एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा देई आणि ती जवळ असेल त्यानेच जनपदात यावे किंवा जनपदाबाहेर जावे, असा नियम होता. मुद्रेवाचून सापडलेल्या जनपदवासीयास बारा पण दंड, मुद्रा खोटी निघाल्यास पूर्व साहसदंड, आणि ती बाळगणारा परमुलखातील असल्यास उत्तम साहसदंड, असे शिक्षेचे चढते मानही तेथे सांगितले आहे.

या चढत्या मानात एक विवेक आहे. मुद्रा नसणे आणि खोटी मुद्रा बाळगणे हे दोन अपराध कौटिल्याने एका मापाने मोजलेले नाहीत. आजच्या व्यवहारात या दोहोंत आणखी दोन गोष्टींची भर पडली आहे. एक, मुद्रा खरी असून ती हरवणे. आणि दुसरी, मुद्रा खरी असून मुक्कामाची मुदत टळणे. या चारही गोष्टी वस्तुतः अगदी निरनिराळ्या. परंतु ओसरीवरच्या बोलण्यात त्यांचा एकच काला होतो, आणि ‘अमक्याचा मुलगा तिकडे बेकायदेशीर राहतो म्हणे’ एवढ्या एका वाक्यात एखाद्या घराची अब्रू निकालात निघते. गेल्या तीन-चार वर्षांत हा काला निवडून पाहण्याचा प्रसंग आमच्या घरी आला. शहरांतून व आता लहान गावांतूनही दर चार घरांआड एखादे मूल परदेशी असते. म्हणून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा २०१५ साली उच्च शिक्षणाकरिता अमेरिकेस गेला. शिक्षण पुरे झाले, नोकरी लागली, आणि २०१९ साली त्यास एच-१बी या वर्गाचा परवाना मिळाला. त्या वर्षाच्या अखेरीस तो मुंबईस येऊन पारपत्रावर नवा व्हिसा उमटवून घेऊन २०२० च्या जानेवारीत परत गेला. त्याच्या मुक्कामाची मुदत २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याची नोकरी सुटली. अशा नोकरदारास नवी नोकरी शोधण्यास किंवा गाशा गुंडाळण्यास साठ दिवसांपर्यंत सवलत असते. एका दुसऱ्या कंपनीने त्याच्याकरिता अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. ‘पुढच्या महिन्यात काहीतरी जमेल’ असे म्हणता म्हणता सप्टेंबर आला व गेला, आणि तो तेथेच राहिला. हे त्याचे चुकलेच. त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. त्या चुकीचे स्वरूप काय व मर्यादा कोणती, एवढेच मला पाहावयाचे आहे.

प्रथम मुदतीविषयी. व्हिसावर जी तारीख असते तीच मुक्कामाची तारीख, असे आपण सर्वजण समजतो. अमेरिकेत तसे नाही. व्हिसा म्हणजे दाराशी येण्याची अनुज्ञा. आत किती दिवस राहावयाचे ते दारावरील अधिकारी ठरवितो, आणि त्याची नोंद आय-९४ नावाच्या टिपणात होते. पूर्वी हे टिपण कागदाचे असून पारपत्रात टाचलेले असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकातच राहते. ज्याची त्यास आपले नाव, जन्मतारीख व पारपत्राचा क्रमांक घालून ती काढून घेता येते. या टिपणातील तारीख उलटली की त्या दिवसापासून अनधिकृत वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात, आणि त्याच वेळी पारपत्रावरील जुना व्हिसा, त्याची स्वतःची तारीख पुढची असली तरी, रद्द समजला जातो.

या दिवसांच्या मोजणीस १९९६ च्या एका कायद्याने फार कडक फळ जोडून दिले आहे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक परंतु एका वर्षाहून कमी काळ असा राहिलेला मनुष्य देश सोडून गेला, तर त्यास तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष वा त्याहून अधिक राहून गेल्यास दहा वर्षे. मौज अशी की ही बंदी राहण्याने लागू होत नाही, निघण्याने लागू होते. उंबरठा ओलांडण्याच्या क्षणी ती मागून दार लावून घेते.

हे सारे २०२३ च्या आषाढात आम्हांस एका रात्रीत शिकावे लागले. माझे बंधू हृदयविकाराने एकाएकी गेले. मुलाचा दूरध्वनी आला तेव्हा त्याचा कंठ इतका दाटला होता की पहिला शब्द उमटावयासच वेळ लागला. मग तो म्हणाला, “काका, मी निघू का?” त्या दिवशी त्याच्या अनधिकृत वास्तव्यास दहा महिने होत आले होते. निघाला असता तर तीन वर्षांची बंदी. आणखी दोन महिन्यांनी निघाला असता तर दहा वर्षांची. तिकडे त्याने ज्या मुलीशी लग्न करावयाचे ठरविले होते तीही तिकडचीच. मी काही बोलण्यापूर्वी भावजय आतून आली आणि म्हणाली, “भावोजी, गेलेले माणूस त्याच्या येण्याने परत यावयाचे नाही. त्याला तिकडेच राहू द्या.” ती हे अगदी शांतपणे बोलली, आणि त्यानंतर त्या रात्री ती कोणाशी एक शब्दही बोलली नाही.

पुत्र परदेशी असून येऊ शकत नसेल तर सपिंडांपैकी कोणी क्रिया करावी, हे शास्त्रास मान्य आहे. धाकट्या भावास थोरल्याने अग्नी द्यावा यात मात्र क्रमाचा जो उलटेपणा आहे, त्यास शास्त्राची संमती असली तरी हाताची नसते. दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला तेव्हा तिकडे रात्र होती. तो दूरध्वनीच्या पडद्यावर सोवळे नेसून, पुढ्यात पाण्याचे भांडे घेऊन बसला होता. कावळा बराच वेळ शिवेना. अखेर मी ‘मुलाचे लग्न आम्ही नीट करून देऊ’ असे मोठ्याने म्हटले, आणि थोड्या वेळाने कावळा शिवला. यात योगायोग किती व अर्थ किती याचा वाद मी घालीत नाही. परंतु वचन दिले गेले ते खरे.

पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडील लोकलगाडीत त्याची पिशवी चोरीस गेली. तीत त्याचा संगणक होता आणि पारपत्रही होते. मुदत आधीच टळलेली. आता मुद्राही गेली. विवाहाची बोलणी तोपर्यंत पक्की झाली होती. न्यूयॉर्कमध्ये विवाह करावयाचा तर प्रथम नगर-लेखकाच्या कचेरीतून परवाना घ्यावा लागतो. त्यास वधूवर तेथील नागरिकच असले पाहिजेत अशी अट नाही. मात्र प्रत्येकाने आपली ओळख पटविणारा व मुदतीत असलेला कागद दाखविला पाहिजे. त्याच्या वाहन चालविण्याच्या परवान्याची तारीख मुक्कामाच्या तारखेस बांधलेली असल्याने तीही उलटून गेली होती. म्हणजे आधी पारपत्र, मग विवाह, आणि विवाहानंतर तेथे राहण्याच्या हक्काचा अर्ज, असा क्रम ठरला. पहिली पायरी निखळली की वरच्या दोन्ही लटकत राहावयाच्या.

संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्याला अशा वेळी शाकुंतल न आठवेल तर नवल. त्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थच ओळखीची खूण. शचीतीर्थावर पाण्यात अंगठी पडली, आणि राजसभेत उभी असलेली स्त्री तीच असूनही ‘ती’ राहिली नाही. इतकी वर्षे वर्गात हा अंक शिकविताना मुले विचारीत, “गुरुजी, माणूस समोर उभे असताना अंगठी कशाला पाहिजे?” त्या प्रश्नाचे उत्तर मी शापाच्या आधाराने देत असे. आज कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या कोणासही विचारा, शापावाचूनही तोच अनुभव येतो. कालिदासाच्या व आजच्या मुद्रेत एक भेद मात्र आहे. तेथे मासोळीच्या पोटातून निघालेल्या अंगठीने सर्व पूर्ववत झाले. पारपत्राचे तसे नाही. ते हरविल्याचे एकदा नोंदविले की जुने पुस्तक रद्द होते, आणि पुढे ते जसेच्या तसे सापडले तरी त्यावर प्रवास करता येत नाही. हरवलेल्या मुद्रेवर विसंबून बसण्यात अर्थ नाही. नवीच करून घेतली पाहिजे.

नवी करून घेण्याची रीत अशी. चोरीची वर्दी प्रथम तेथील पोलिसांत देऊन तिची प्रत घ्यावयाची. मग भारत सरकारच्या पारपत्र सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज भरावयाचा, आणि वकिलातीने नेमलेल्या मध्यस्थ संस्थेकडे तो छायाचित्रांसह व कागदांसह द्यावयाचा. कागदांत जुन्या पारपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि ते कोठे, केव्हा व कसे गेले याचे प्रतिज्ञापत्र, ही मुख्य. त्यांतच तेथील वास्तव्याच्या अधिकाराचाही पुरावा मागितला जातो. आणि आमच्या मुलाची गाडी अडली ती येथेच.

या अडचणीवर तोडगे सांगणारे लोक कोठेही भेटतात. एका गृहस्थांनी सुचविले की प्रतिज्ञापत्रात मुदतीचा उल्लेखच करू नये, व विचारल्यास नव्या नोकरीचा अर्ज विचाराधीन असल्याचे सांगावे. दुसऱ्या एकाने तर लागेल तो शिक्का लागेल त्या कागदावर उमटवून देण्याची तयारी दाखविली. त्याचा दरही ठरलेला होता. त्या रात्री मुलाने मला दूरध्वनी केला. “काका, खरे लिहिले तर पारपत्र देणार नाहीत अशी भीती वाटते, आणि खोटे लिहिण्याचे धैर्य होत नाही. तुम्ही काय म्हणता?”

मी म्हणालो, “बाळ, कायदा मला कळत नाही. तो तुझ्या वकिलास विचार. मी एवढेच सांगतो की, जे लिहून सही करशील ते उद्या त्या मुलीच्या आईवडिलांपुढे मोठ्याने वाचून दाखविता येईल असेच लिही.”

वकिलाचे मतही तेच पडले, आणि त्याची कारणे माझ्याहून अधिक भक्कम होती. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे एक मोठा फरक केला जातो. जो मनुष्य दारावर तपासला जाऊन रीतसर आत आला व ज्याने पुढे तेथील नागरिकाशी खरा विवाह केला, त्याचा केवळ मुदत टळल्याचा दोष त्या देशातच राहून अर्ज करताना आड येत नाही. परंतु खोटा कागद किंवा खोटे कथन आढळले तर कायमची बंदी पदरी पडते, आणि तीतून सूट मिळणे अतिशय कठीण. मुदत टळणे हा धुऊन जाणारा डाग, आणि खोटेपणा हा पक्का रंग, असा त्याचा इत्यर्थ. कौटिल्याने बारा पण व साहसदंड यांत जे अंतर ठेवले होते तेच येथेही दिसते.

आणखी एक भीती निराधार ठरली. आपण मुदत टळल्याचे आपल्या वकिलातीस सांगितले तर ती तेथील सरकारला कळवील, असे पुष्कळ तरुणांस वाटते, आणि त्या धास्तीने ते वकिलातीची पायरीच चढत नाहीत. वास्तविक परमुलखातील आपल्या नागरिकांस पारपत्र देणे हे अशा कचेऱ्यांचे एक मुख्य काम म्हणून १९६३ च्या व्हिएन्ना करारातच नोंदविलेले आहे. मुक्कामाचा हिशेब यजमान देशाचा, नागरिकत्वाचा हिशेब आपला. मुलाने सर्व हकीकत तारीखवार लिहून प्रतिज्ञापत्र दिले. आत रीतसर आल्याचा पुरावा म्हणून आय-९४ ची नोंद काढली. तीकरिता लागणारा जुन्या पारपत्राचा क्रमांक आमच्या घरातच होता. माझे बंधू कागदांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. २०१९ साली मुलगा आला होता तेव्हा त्यांनी पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि नव्या व्हिसाची झेरॉक्स काढून, वर तारीख घालून, दप्तरात लावून ठेवली होती. गेलेल्या माणसाच्या हस्ताक्षरातील ती तारीख पाहून भावजयीने दप्तर मिटले व माझ्या हाती दिले. “त्यांनी ठेवले होते म्हणून,” एवढेच ती म्हणाली.

पुढे चैत्रात चौकशीकरिता पोलीस ठाण्यातून एक हवालदार आमच्या घरी आले. पारपत्रावर पत्ता आमच्या जुन्या घराचा होता. मनुष्य सभ्य होता. मुलाचे नाव, शिक्षण, कोणता गुन्हा वगैरे नोंद आहे काय, हे त्यांनी विचारले, आणि ‘ओळखणारे दोन शेजारी सहीस द्या’ असे सांगितले. पहिल्या शेजाऱ्यांनी लगेच सही केली. दुसरे माझ्याच वयाचे, बँकेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी लेखणी हाती घेऊन सरळ प्रश्न केला, “गुरुजी, राग मानू नका, पण मुलगा तिकडे कायदेशीर आहे काय? नसेल तर मी सही कशी करू?”

हवालदारांदेखत हा प्रश्न आला. परंतु प्रश्न योग्य होता. मी उत्तर दिले, “त्याची तिकडील मुदत टळली आहे, आणि ते त्याने स्वतः लिहून दिले आहे. पण हा कागद त्याविषयी नाही. तो येथे जन्मला, येथे वाढला, आणि या नावाचा मुलगा तोच, हे तुम्हांस ठाऊक आहे की नाही एवढेच येथे विचारले आहे.” त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “त्याच्या मुंजीत मी पंगतीस वाढले आहे,” आणि सही केली. साक्षीचा अर्थ किती मर्यादित व तरीही किती मोलाचा असतो, ते त्या दिवशी मला समजले. आपण माणसाच्या साऱ्या वर्तनाचे जामीन होत नाही. तो तोच आहे, एवढेच सांगतो.

पारपत्र हे सरकारच्या मर्जीचे दान आहे की नागरिकाचा हक्क, हा वादही आपल्या देशात होऊन गेला आहे. १९६७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात असे ठरविले की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात येते, आणि कायद्यावाचून केवळ मर्जीने ते हिरावता येत नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पारपत्राचा कायदा झाला. तत्पूर्वीची स्थिती पाहिली तर आश्चर्य वाटते. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा तेथे उतरणाऱ्या सामान्य प्रवाशास पारपत्र दाखवावेच लागत नसे. पारपत्राची आजची सक्ती सर्वत्र रुजली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि पुस्तकाचा सर्व देशांस समान असा घाट ठरला तो १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत. ज्या १९१७ साली हिंदुस्थानातून परदेशी जाण्यास पारपत्र सक्तीचे करणारे नियम झाले, त्याच १९१७ साली अमेरिकेने कायदा करून आशियाच्या बहुतेक भागातील लोकांस, त्यांत आपणांसही, प्रवेश बंद केला. तो बंद दरवाजा १९४६ साली वर्षाला शंभर माणसे जातील इतका किलकिला झाला, आणि नीट उघडला तो १९६५ च्या कायद्याने. आज आपल्या घराघरांतून मुले तिकडे दिसतात त्यास साठ वर्षांहून थोडाच अधिक काळ झाला आहे.

आता मुलीकडे वळतो. ती न्यूयॉर्कमध्येच जन्मली. तिचे आईवडील दक्षिण अमेरिकेतील गयाना देशातून आलेले, आणि त्यांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून तेथे गेलेले. उसाच्या मळ्यांवर काम करण्याकरिता ‘गिरमिट’ नावाच्या कराराने माणसे नेण्याचा तो व्यवहार १८३८ साली व्हिटबी व हेस्पेरस या दोन जहाजांनी सुरू झाला व १९१७ पर्यंत चालला. भावजयीस या संबंधाविषयी शंका होत्या. “माणसे कोण, कुठली, काही ठाऊक नाही,” असे ती म्हणे. हे ऐकून मुलीने स्वतः एका जुन्या कागदाची प्रत पाठविली. तिच्या खापरपणजोबांस कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढताना दिलेला तो दाखला होता. त्यात नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, आणि जिल्हा, ठाणे व गाव, असे रकाने होते. जिल्हा बस्ती. खुणेच्या रकान्यात डाव्या भुवईवर व्रण असल्याची नोंद.

भावजयीने तो कागद मजकडून दोनदा वाचून घेतला. जातीच्या रकान्यापाशी ती थांबेल असे मला वाटले होते. ती बापाच्या नावापाशी थांबली. “इतकी वर्षे हा कागद यांनी जपून ठेवला?” तिने विचारले. मग दप्तर उघडून तिने ती प्रत आपल्या यजमानांच्या कागदांवर ठेवली. त्यानंतर ‘माणसे कोण’ हा प्रश्न आमच्या घरी निघाला नाही.

ज्येष्ठात नवे पारपत्र मुलाच्या हाती पडले. चातुर्मास व पितृपंधरवडा गेल्यावर, तुळशीचे लग्न उरकताच, २०२४ च्या नोव्हेंबरात त्या दोघांनी परवाना काढला. तेथील नियमाप्रमाणे परवान्यानंतर चोवीस तास थांबावे लागते, आणि साठ दिवसांच्या आत विवाह करावा लागतो. म्हणजे मुहूर्तास खाली व वर अशा दोन्ही बाजूंनी सरकारची मर्यादा! कचेरीतील नोंदीनंतर क्वीन्स भागातील एका मंदिरात धार्मिक विधी झाला. पुरोहित गयानाचे, त्यांचे मंत्र तेच, चाल निराळी. अंतरपाट धरण्याची चाल त्यांच्याकडे नव्हती. मुलीच्या मावशीने ओढणी धरली, आणि मंगलाष्टके मी येथून दूरध्वनीवर म्हटली. आवाज पोहोचण्यास क्षणाचा विलंब लागे, त्यामुळे अक्षता प्रत्येक वेळी थोड्या उशिरा पडत. दहाव्याच्या दिवशी घाटावर जे बोललो होतो ते असे पुरे झाले.

विवाहानंतरचा अर्ज २०२५ च्या जानेवारीत गेला. त्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण कुजबुज तिच्याविषयीच अधिक होते. ‘कागदांकरिता लग्न’ या आरोपाची शंका त्या सरकारासही असते, आणि ती खोटी म्हणता येत नाही. १९८६ साली त्यांनी त्याकरिता खास कायदा केला. अर्ज मंजूर होताना विवाहास दोन वर्षे झाली नसतील तर राहण्याचा हक्क प्रथम दोन वर्षांपुरता सशर्तच मिळतो, आणि पुढे उभयतांनी संसार खरा असल्याचे पुन्हा दाखवावे लागते. मुलाखतीत नवराबायकोस घरातील बारीकसारीक गोष्टी विचारतात. आमच्या परंपरेत विवाहास अग्नी साक्षी असतो, व तो प्रश्न विचारीत नाही. तेथे अधिकारी साक्षी असतो आणि तो विचारतो. प्रश्नांची भीती संसार नसलेल्यास वाटावी. या दोघांचा परिचय २०२१ पासूनचा, म्हणजे मुदत टळण्यापूर्वीचा. वडील गेले त्या रात्री ती मुलगी त्याच्याशेजारी बसून होती, हे मी पडद्यावर पाहिले आहे.

तथापि या मार्गास धोका नाही असे कोणी समजू नये. अर्ज चालू असताना पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. चोरवाटेने, तपासणीवाचून आत शिरलेल्यास ही सवलत मिळत नाही, आणि ती नागरिकाच्या जोडीदारास आहे. केवळ कायम रहिवाशाशी विवाह केल्याने मिळत नाही. २०२५ च्या आरंभापासून तिकडील अंमलबजावणीही पूर्वीहून कडक झाली आहे. म्हणून जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून कोणी एकही पाऊल टाकू नये. मी लिहितो ती एका घरची हकीकत आहे, कायद्याचे पुस्तक नव्हे.

ज्या घरांतील मुले परदेशी आहेत त्यांस मात्र दोन-तीन गोष्टी वडीलकीच्या नात्याने सांगाव्याशा वाटतात. मुलांच्या पारपत्राच्या सर्व छापील पानांची, व्हिसाची व शिक्क्यांची प्रत घरी असू द्यावी, व ती दर प्रवासानंतर नवी करावी. मुलास पगार किती हे आपण विचारतो. त्याबरोबर मुक्कामाची तारीख कोणती, हेही विचारावे. आणि ती तारीख टळली असे त्याने कधी सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. ज्यास घरी बोलण्याची चोरी होते तोच शिक्का विकणाऱ्याच्या दारी जातो.

हे लिहीत असताना अर्जाचा निकाल यावयाचा आहे. बंधूंचे वर्षश्राद्ध मीच केले, पुढचेही मीच केले. भावजय तिकडील दोघांशी दर रविवारी बोलते. सूनबाईस आता ‘पुरणपोळी’ नीट म्हणता येते, करता येत नाही. परवानगी येईल तेव्हा मुलगा येईल, आणि आपल्या वडिलांचे श्राद्ध आपल्या हाताने करील. तोवर तिथी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे, व दप्तर सांभाळण्याचे भावजयीकडे.